नमुन्याची खोली

आमच्या घरात वाद झाला तो कॉलेज कुठलं यावरून नाही. तीन कॉलेजं आधीच ठरली होती आणि तिन्ही ठिकाणी नातीचे गुण पुरत होते. वाद झाला तो कॉलेज बघायला जाऊ तेव्हा हॉस्टेलही बघायचं की नाही, यावरून.

जावयाचं म्हणणं, कशाला? "चार भिंती, एक पलंग, एक टेबल. बघून काय वेगळं दिसणार आहे? प्रयोगशाळा बघा, शिक्षकांशी बोला. खोलीत काय, झोपायचंच तर आहे." जावई लांब पल्ल्याच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखतो. जिथे उतारू नाहीत तिथे गाडी थांबवणं त्याच्या जिवावर येतं.

मुलीचं म्हणणं बरोबर उलट. ती औषधांच्या दुकानात बसते. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय बाटली कोणाच्या हातात देत नाही. "पोर चार वर्षं राहणार तिथे. न्हाणीघर बघायला नको? खिडकी उघडते की नुसती भिंतीला चिकटवलीय, ते नको बघायला?"

"जिला राहायचंय तिला विचारा की," बायको म्हणाली.

जिला राहायचं होतं ती टेबलाखाली पाय नाचवत खात होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी झोप येताना ती उजवी टाच गादीत रोवून गोल गोल फिरवायची, त्यावरून पडलेलं नाव. टाच अजून फिरते.

"मला ते तिसरं हवंय, लांबचं," भिंगरी म्हणाली. तिची मैत्रीण तिकडे निघाली होती. एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास. "जवळच्या दोन ठिकाणी तुम्ही जा. न्हाणीघरं मोजा आणि मला कळवा."

मग मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा. बघायची ना खोली?"

"बघायची," मी म्हणालो. "आणि गादी दाबून बघायची."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

माझी चौतीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात गेली, त्यातली शेवटची वीस तक्रार विभागात. लोक गादी परत घेऊन यायचे. वर्षही झालं नाही आणि बसली म्हणायचे. मी गादीवर हात फिरवायचो, मग या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणायचो आणि दोरीपासून खड्ड्याच्या तळापर्यंत पट्टी लावायचो. पंचवीस मिलिमीटरच्या वर भरलं तर दोष कारखान्याचा. खाली भरलं तर दोष झोपणाऱ्याचा. दोरी आणि पट्टी साहेबांसाठी होती. मला तळहातालाच कळायचं, माणूस कुशीवर झोपतो की उताणा, एकटा की दुकटा, किती वर्षं, आणि अलीकडे त्याला झोप लागते की नाही.

एकदा एक बाई गादी घेऊन आल्या. मी दाबून बघितली आणि म्हटलं, "बाई, गादी चांगली आहे. तुमचे साहेब दोन वर्षं बाहेर सोफ्यावर झोपतायत, म्हणून एकीकडूनच बसलीय." साहेब मागेच उभे होते. हे घडलेलं आहे. पुढे पुढे मी सांगताना साहेबांच्या हातातून छत्री पडायला लागली, मग ते घेरी येऊन त्याच गादीवर कोसळायला लागले, आणि गेल्या वर्षीपासून तर दोघं हातात हात घालून कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतात. घरात माझ्या शब्दाला वजन किती, ते यावरून समजा. भिंगरी तेवढी पहारा ठेवायची.

"आजोबा, मागच्या वेळी सोफा हिरवा होता."

"धुतला."

"धुतला की निळा होतो?"

"कमी प्रतीचा होता."

अशी आमची गोष्ट पुढे सरकायची.

जवळच्या पहिल्या कॉलेजात आम्ही एका शनिवारी गेलो. मुलगी, कुरकुरत का होईना पण आलेली भिंगरी आणि मी. मुलीनेच गाडी चालवली. भिंगरीच्या पायात नवे बूट होते, आदल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर जाऊन घेतलेले. फाटकाशी दहा कुटुंबं जमली होती. आम्हाला फिरवायला एक मुलगी दिली होती, गळ्यात मोठा बिल्ला. ती उलटी चालायची. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे. बोलता बोलता पायरी आली की मागे न बघता उतरायची.

"पैज," भिंगरी माझ्या कानाशी आली. "पुढच्या खांबावर आपटणार."

नाही आपटली. कुठल्याच खांबावर नाही. भिंगरी पैजेत तीन गोळ्या हरली आणि तिन्ही स्वतःच खाऊन मोकळी झाली.

प्रयोगशाळा झाल्या, ग्रंथालय झालं. मग बिल्लेवाली म्हणाली, "ज्यांना हॉस्टेल बघायचंय त्यांनी थांबा." दहातली नऊ कुटुंबं चहाकडे वळली. जावयाच्या मताची माणसं सगळीकडे असतात.

हॉस्टेल तीन मजली होतं. सुट्टी होती म्हणून मुली नव्हत्या. लांब व्हरांडा, पुसून नुकताच वाळलेला, फिनेलचा वास. दारांवर आकडे. कुठेतरी नळ टपकत होता आणि आम्ही थांबलो की तो जास्त ऐकू यायचा.

"मुली राहतात त्या खोल्या दाखवता येत नाहीत," बिल्लेवाली म्हणाली. "त्यांचं सामान असतं. त्यासाठी एक नमुन्याची खोली ठेवलीय. ती कोणाला देत नाहीत. नुसती बघायला."

ती व्हरांड्याच्या शेवटी होती. बाकीच्या दारांसारखंच दार. बिल्लेवालीने ते खांद्याने ढकललं.

आत पलंग, टेबल, खुर्ची, कपाट. पलंगावर निळ्या पट्ट्यांची चादर, कोपरे चापून खोचलेले. टेबलावर दिवा आणि तीन जाडजूड पुस्तकं. मी एक उचललं तर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं होतं. कपाटात सहा हँगर, सगळ्यांची तोंडं एकीकडे. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसत होती. मुलीने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली आणि समाधानाने मान हलवली.

मी गादी दाबली. चादरीखालून, काठापासून काठापर्यंत, तळहात सपाट ठेवून. चार इंच, घट्ट फोम, कोरी. अजून गोंदाचा वास होता.

"हिच्यावर आजवर कोणी झोपलेलं नाही," मी जाहीर केलं.

"आजोबांचं प्रमाणपत्र मिळालं," भिंगरी बिल्लेवालीला म्हणाली. "आता तुमचं हॉस्टेल चालायला हरकत नाही."

तेवढ्यात मुलीला दुकानातून फोन आला. कुठल्या तरी डॉक्टरचं अक्षर लागत नव्हतं. ती बोलत बोलत व्हरांड्यात लांब गेली. भिंगरी पलंगाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मी जरा एकटी बसून बघू? म्हणजे एकटं वाटतं का ते कळेल."

"बस," मी म्हणालो. "पण पुठ्ठ्याची पुस्तकं वाचू नकोस, पुढे कंटाळा येतो."

मी बाहेर आलो. दार लागलं.

बिल्लेवाली भिंतीला टेकून उभी होती. समोर माणूस दिसला की मला गप्प बसवत नाही. मी तिला सोफ्याची गोष्ट सांगायला घेतली. ती ऐकत होती, पण हसत नव्हती. छत्री पडायच्या आतच ती म्हणाली, "मीही याच खोलीत बसून बघितलं होतं."

"कधी?"

"बघायला आले होते तेव्हा."

"मग?"

"मग इथेच आले."

दार उघडलं. फार तर पाच मिनिटं झाली असतील. माझ्या गोष्टीतली छत्री अजून साहेबांच्या हातातच होती.

भिंगरी बाहेर आली आणि दार ओढण्याआधी तिने ते कडीला धरून किंचित वर उचललं. दार आवाज न करता बसलं.

"उचलून ओढावं लागतं," बिल्लेवाली म्हणाली. "नव्या मुलींना कळायला महिना जातो." तिने हे काही नवल म्हणून सांगितलं नाही. नळ कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं.

व्हरांड्याच्या टोकाला भिंगरीची आई अजून फोनवर होती. भिंगरीने तिच्याकडे बघून हात केला. मग ती वळली आणि तिला मी दिसलो.

ती थांबली.

"तुम्ही," ती म्हणाली.

"मी. दुसरं कोण असणार?"

ती जवळ आली. तिने माझ्या शर्टाची बाही मनगटाशी दोन बोटांत धरली, दुकानात कापड बघतात तशी. बराच वेळ सोडली नाही.

"हा शर्ट," ती म्हणाली.

"सकाळपासून हाच आहे."

"हो," ती म्हणाली. "हो. बरोबर."

तिच्या कागदांची फाइल आत राहिली होती. ती आणायला मी गेलो. फाइल टेबलावर होती. चादरीला सुरकुती नव्हती, कोपरे तसेच खोचलेले. मी फाइल घेतली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने जाता जाता गादीवर हात ठेवला.

हात खाली गेला.

खांद्याचा खड्डा. त्याखाली कमरेचा, थोडा उथळ. आणि पायथ्याशी उजवीकडे एक छोटा, गोल, खोल.

घरची तिची गादी दर तीन महिन्यांनी मीच उलटतो. या तीन खड्ड्यांची जागा मला डोळे मिटून सांगता येते. एवढ्या घट्ट फोमवर एवढं अंग बसायला किती काळ लागतो तेही सांगता येतं. चार वर्षं. एखादा महिना इकडेतिकडे.

मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. पाय अवघडून बसल्यावर उठताना तो आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं. हाताला जे कळलं ते हातातच राहिलं. मी फाइल घेऊन बाहेर आलो आणि दार उचलून लावलं.

चहाला आम्ही कँटीनमध्ये बसलो. रिकामी टेबलं बरीच होती. भिंगरी सरळ कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली, एका कागदी रुमालाची चौपदरी घडी केली आणि वाकून ती टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. मग बसली. सकाळी घरी तिने दोन चमचे साखर घेतली होती. आता बिनसाखरेचा घेतला.

"कधीपासून गं?" तिच्या आईने विचारलं.

"काय?"

"साखर."

भिंगरीने कपात बघितलं. "बरा लागतो," ती म्हणाली. पाय हलत नव्हते तिचे. मी चमचा पाडला आणि उचलायला वाकलो. नव्या बुटांच्या टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्या होत्या. डाव्याची नक्षी गेलीच होती, तिथे रबर आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. नाड्यांची टोकं विसकटलेली.

मी चमचा पुसून घेतला आणि चहा ढवळला.

घरी आल्यावर ती आजीशी नेहमीसारखी भांडली, पंखा कोणाच्या बाजूला वळवायचा यावरून. आईशी नेहमीसारखी बोलली. जेवताना जावयाने विचारलं, "मग? कुठलं?"

"हेच," भिंगरी म्हणाली. "जवळचं."

"आणि तुझी मैत्रीण?"

"तिला कळेल."

"सुट्टीला यायला बरं पडेल म्हणा," जावई खूश झाला. "सकाळी एक गाडी आहे, संध्याकाळी एक."

"आणि दुपारी दोनची," भिंगरी म्हणाली. "ती मधे कुठे थांबत नाही."

जावयाचा घास हातात राहिला. "दोनची तुला कोणी सांगितली? ती अजून माझ्या टेबलावर आहे. कागदावर. साहेबांनीही बघितलेली नाही."

"तुम्हीच बोलला असाल झोपेत," बायको म्हणाली, आणि सगळे हसले. भिंगरीही हसली, पण सगळे हसल्यानंतर, कुठे हसायचं ते आठवल्यासारखी.

भिंगरी हात धुवायला गेली तेव्हा मी घरच्यांना सांगितलं. गादी, तीन खड्डे, बुटांच्या टाचा. जसं होतं तसं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सरळ सांगत होतो आणि ते मला नीट जमत नव्हतं. मधेच थांबायला होत होतं.

सांगून झालं. मग जावई म्हणाला, "बाबा, ही काही रंगली नाही."

"सोफ्याची बरी आहे," मुलगी म्हणाली. "बूट परत करायचे का? पावती असेल."

"आयुष्यभर गाद्या दाबल्यात," बायको म्हणाली, "आता जरा डोकं दाबून घ्या."

एवढंच. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. लोक गादी परत आणायचे तेव्हा मी तरी त्यांच्या बोलण्यावर कुठे विश्वास ठेवायचो.

त्यानंतर भिंगरी माझ्याशी फार चांगली वागायला लागली. हे लिहायला साधं वाटतं. ती माझ्याशी कधी चांगली वागत नसे. ती माझा चष्मा लपवायची, माझ्या गोष्टींना फाटे फोडायची, मी जिन्यात हळू चाललो की मागून हॉर्न वाजवायची. आता ती जिन्यात एक पायरी पुढे राहायची, अर्धी वळून. संत्रं सोलून एकेक फोड हातावर ठेवायची. दुपारी येऊन बसायची आणि म्हणायची, "आजोबा, सोफ्याची सांगा."

मी सांगायचो. सोफा लाल केला, पिवळा केला. एकदा तर सोफा काढूनच टाकला आणि साहेबांना झोपाळ्यावर झोपवलं. तिने एकदाही चूक काढली नाही. तिने फोन आमच्या मधे ठेवला होता. त्याच्या कडेला लाल ठिपका दिसत होता. ती माझा आवाज भरून घेत होती.

पुढच्या आठवड्यात मी घरी काही न सांगता सकाळची बस धरून एकटाच कॉलेजात गेलो. खिशात दोरी आणि पट्टी. रेक्टर बाईंना सांगितलं की मी गाद्यांच्या कारखान्यातून आलोय. चौतीस वर्षं ते खरंच होतं.

रेक्टर बाई पन्नाशीच्या, नीटनेटक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. मी पत्र लिहिणारच होते."

खोली तशीच होती. त्यांनी चादर काढली. मी दोरी ताणली, त्यांनी दुसरं टोक धरलं. खांद्याशी चौतीस मिलिमीटर. कमरेशी सत्तावीस. टाचेशी एकोणचाळीस.

"बघा," त्या म्हणाल्या. "वर्षाला एक गादी बदलावी लागते या खोलीत. कोणी राहत नाही, काही नाही. मुली येतात, दोन मिनिटं बसतात, आणि गादी बसते."

"सगळ्या मुली बसतात?"

"नाही हो. बहुतेक सगळ्या दारातूनच बघून जातात. वर्षाकाठी एखादीच म्हणते, एकटी बसू का म्हणून."

"मग ती पुढे कुठे जाते?"

"इथेच येते. कायम इथेच." बाईंनी चादर झटकली. "फार गुणी निघतात त्या मुली. रडणं नाही, घरची आठवण नाही. पहिल्या दिवसापासून रुळलेल्या. मी तर बघायला आलेल्यांना फिरवण्याचं काम त्यांच्यातल्याच एकीला देते. डोळे मिटून सगळं माहीत असतं त्यांना."

मी दोरी गुंडाळली.

"कारखान्याचा दोष आहे ना?" बाईंनी विचारलं.

पंचवीसच्या वर होतं. मी म्हटलं, "नियमाने, हो."

घरी भिंगरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी खुर्ची ओढून बसलो.

"भिंगरे, त्या खोलीत काय झालं?"

"काही नाही. बसले. उठले."

"किती वेळ?"

तिने चिमटा तोंडात धरला होता. तो काढून दोरीला लावला. "तुम्हाला किती वाटला?"

"पाच मिनिटं."

"मग तेवढाच."

"तू तिसरं कॉलेज घे," मी म्हणालो. "मैत्रिणीबरोबर जा. लांब जा. मी तुझ्या आईला पटवतो. पाहिजे तर आजारी पडतो, मला येतं ते."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. दवाखान्यात बाहेर बसून बसून माणसांचा चेहरा होतो तसा होता.

"लांबून पोचायला एक रात्र आणि अर्धा दिवस जातो, आजोबा."

"कुठे पोचायला?"

ती पुढचा कपडा झटकत राहिली. माझाच सदरा होता. ती म्हणाली, "जवळून तीन तासांत घरी येता येतं."

"आणि तिकडे गेलीस तर ते, जे काय आहे ते, होणार नाही?"

"तसं नाहीये ते," भिंगरी म्हणाली. मग रिकामी बादली उचलून, "चहा ठेवू?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुपारी दोनची बस पुढच्या महिन्यात सुरू झाली. जावयाचं ऑफिसात कौतुक झालं. ती मधे कुठे थांबत नाही.

भिंगरीला पोचवायला आम्ही तिघं गेलो, मुलगी, जावई आणि मी. बायकोचे गुडघे धरले होते. जाताना गाडीत मुलगी सारखी काहीतरी सांगत होती, छत्री कुठल्या पिशवीत, औषधं कुठल्या. भिंगरी हो, हो म्हणत होती.

हॉस्टेल भरलेलं होतं. व्हरांड्यात बॅगा, बादल्या, आया. कोपऱ्यात एक मुलगी रडत होती आणि तिचे वडील तिला काहीतरी विनोद सांगत होते.

भिंगरीला पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली होती. मुलगी आणि जावई सामान घेऊन वर गेले. मी पायऱ्या टाळल्या आणि भिंगरीबरोबर रेक्टर बाईंच्या ऑफिसात बसलो.

बाईंनी मला ओळखलं नाही. किंवा ओळखलं आणि तसं दाखवलं नाही.

त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. भेटायला कोण कोण येणार, त्यांची यादी. यादीत नाव नसेल त्याला फाटकातून आत सोडत नाहीत. चार ओळी होत्या, प्रत्येक ओळीपुढे नातं.

भिंगरीने भराभर लिहिलं. न खोडता. कागद परत दिला.

बाईंनी वाचून दाखवलं. "आई. वडील. आजी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एक ओळ रिकामी आहे. हे कोण?"

"आजोबा," भिंगरी म्हणाली.

"मग त्यांचं राहिलं."

मी भिंगरीकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"ही यादी आजपासून लागू होते का?" तिने विचारलं.

"नाही. पहिले पंधरा दिवस कोणालाच भेटू देत नाही. मुलींना सवय व्हावी म्हणून. पंधरा दिवसांनंतर."

"मग राहिलं नाही," भिंगरी म्हणाली. "बरोबर आहे."

तिने पेनाला टोपण लावलं आणि टेबलाखाली माझा हात शोधून धरला. तिचा हात गार नव्हता. नेहमीसारखाच होता.

बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला.

परतताना मुलगी गाडीत म्हणाली, "बाबा, पंधरा दिवस झाले की आपण दोघं येऊ. सकाळी निघू, संध्याकाळपर्यंत परत."

"येऊ," मी म्हणालो.

त्याला आज बारा दिवस झाले.